आजीच्या हातची विद्या शिकूया, पण बलुतं म्हणून नव्हे

गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईच्या आसपास शनिवार-रविवारी वेगळ्याच प्रकारची शिबिरे भरू लागली आहेत. देशी बियाणे कसे राखावे, भाज्या कशा वाळवाव्यात, गोधडी कशी शिवावी, मातीच्या भिंती कशा लिंपाव्यात हे तिथे पैसे भरून शिकता येते. शिकणारे बहुतेक शहरातले, नोकरदार. तिथे जे शिकवले जाते ते आपल्या आज्या-पणज्यांनी आयुष्यभर केले आणि त्याला कुणी विद्या म्हटले नाही.

आपल्या समाजात हा विषय काढला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. ‘यातूनच तर आपण बाहेर पडलो, आता पुन्हा शेणामातीत कशाला हात घालायचा?’ ही प्रतिक्रिया हसण्यावारी नेण्यासारखी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत भारतीय खेड्याबद्दल जे कठोर मत मांडले, त्यामागे वस्तीवरचे जगणे होते. गावगाड्यात कोणते काम कुणी करायचे हे जन्माने ठरत असे. महार वतनाच्या नावाखाली कुटुंबच्या कुटुंब गावाला आणि सरकारला बांधलेले असे, रात्री-अपरात्री हाक आली की निघावे लागे, आणि मोबदला म्हणून थोडे धान्य व जमिनीचा तुकडा. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक आणले. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा व्हायला 1958 साल उजाडले.

म्हणून आम्ही सुरुवातीलाच एक फरक करतो. बाबासाहेबांचा विरोध सक्तीला होता, कामाच्या जातीला होता. बी ओळखणे, धान्य टिकवणे, फाटक्या कपड्यातून पांघरूण उभे करणे हे ज्ञान आहे. ते कुणावर लादले गेले म्हणून ते ज्ञान राहत नाही असे नाही. आज ज्या बायकांकडे ते शिल्लक आहे त्या सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, आणि त्यांच्या नातवंडांनी अजून विचारलेले नाही.

सगळेच परत आणायचे असेही नाही. काही गोष्टी आपल्या माणसांनी विचारपूर्वक सोडल्या. मार्च 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस खाणे सोडा असे सांगितले आणि लोकांनी ते ऐकले. मराठवाड्यातल्या दलितांच्या स्वयंपाकाची नोंद शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या पुस्तकात करून ठेवली आहे. मांस उन्हात वाळवून केलेल्या चान्यांची माहितीही त्यात सापडते. ती नोंद मोलाची आहे, कारण टंचाईत माणसे कशी जगली हे त्यातून कळते. नोंद ठेवणे वेगळे आणि पुन्हा तसे जगणे वेगळे. तीच गोष्ट जात्याची. पहाटे तीनला उठून घरादाराचे दळण दळणाऱ्या बाईला गावात पिठाची गिरणी आली तेव्हा काय वाटले असेल, हे शिबिरातल्या हौशी माणसाला कळणार नाही. चुलीच्या धुराने डोळे आणि छाती खराब होते हेही खरेच. गॅस आणि गिरणी राहू द्या.

ठेवण्यासारखे काय, ते पाहू.

वाळवण

अन्न नासते ते त्यातल्या ओलाव्यामुळे. बुरशीला आणि जंतूंना वाढायला पाणी लागते. ते काढून घेतले की अन्न महिनोन्महिने टिकते. वाळवणाचे सगळे शास्त्र एवढेच, बाकी हाताची सवय. गवार, कारली, भेंडी, वांगी मार्च ते मे या कोरड्या दिवसांत वाळतात. फोडी पातळ आणि सारख्या जाडीच्या हव्यात, नाहीतर पातळ फोड कडक होते आणि जाड फोड आतून ओली राहते. तीच एक ओली फोड पुढे सगळ्या डब्याला बुरशी लावते. गवार उकळत्या पाण्यातून मिनिट-दोन मिनिटे काढून वाळत घातली तर तिचा रंग आणि चव जास्त दिवस राहते. मेथी आणि हरभऱ्याचा पाला मात्र सावलीत वाळवायचा, कडक उन्हात तो पिवळा पडतो. मुंबई-कोकणात हवा दमट, त्यामुळे तिथे संध्याकाळी वाळवण घरात घ्यावेच लागते. रात्रभर बाहेर राहिले तर दिवसभर गेलेला ओलावा परत येतो.

पूर्वी पावसाळ्यात हाताला काम नसे आणि बाजारही परवडत नसे, तेव्हा हीच भाजी ताटात असायची. आजही जुलै-ऑगस्टमध्ये भाजीचे भाव चढतात तेव्हा एप्रिलमधल्या स्वस्त गवारीचा डबा घरात असणे ही साधी, हिशेबाची गोष्ट आहे.

बियाणे

आम्हाला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते बियाणे. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. महादेव कोळी आदिवासी समाजातल्या या बाईंनी गावठी वाणांची बियाणे जमवली, जपली, वाटली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. 2020 च्या पद्मश्री पुरस्कारांत त्यांचे नाव होते.

दुकानातल्या पाकिटावर ‘संकरित’ किंवा ‘एफ-1’ लिहिलेले असेल तर त्याच्या फळातले बी राखून फारसा उपयोग नाही. उगवते, पण पुढच्या पिढीत झाडे एकसारखी निघत नाहीत. एक चांगले, दुसरे खुजे, तिसरे भलत्याच चवीचे. बी राखायचे तर सरळ किंवा गावठी वाणाचे.

दुसरी गोष्ट परागाची. वाल, चवळी, मेथी, टोमॅटो यांचे फूल बहुतांशी स्वतःच फळते, म्हणून यांचे बी राखणे सोपे. नव्या माणसाने इथूनच सुरुवात करावी. मिरची थोडी अवघड, कारण शेजारच्या वाणाचे पराग तिच्यावर येऊ शकतात. तिखट आणि भोपळी मिरची जवळजवळ लावून बी धरू नये. भोपळा, काकडी, दोडका, कारले यांची फुले नर आणि मादी अशी वेगळी असतात आणि मधमाशी कुठून पराग आणेल ते सांगता येत नाही. तिथे हाताने काम करावे लागते. लाल भोपळ्याच्या मादी फुलाखाली लहानसे फळ दिसते, नर फुलाचा देठ सरळ असतो. दुसऱ्या दिवशी उमलणारी नर आणि मादी कळी आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधून ठेवायची. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि ऊन चढले की मिटते, तेव्हा सकाळी लवकर नर फूल तोडायचे, पाकळ्या काढायच्या, आतला परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा आणि मादी फूल पुन्हा बांधायचे. देठाला रंगीत दोरा बांधला की घरात कुणी ते फळ भाजीसाठी तोडत नाही. दोडका आणि दुधी संध्याकाळी उमलतात, त्यांचे हेच काम दिवेलागणीला. भोपळ्याच्या सालीत नख रुतेनासे होईपर्यंत फळ वेलावर राहू द्यावे.

बहुतेक घरांत चांगली फळे खाल्ली जातात आणि हंगामाच्या शेवटी उरलेल्या किडक्या फळाचे बी ठेवले जाते. जुन्या बायका उलटे करत. रोपटी डोळ्यांसमोर असतानाच चांगली चार-पाच झाडे हेरून त्यांचे पहिले-दुसरे फळ बियाण्याला सोडत. एकाच झाडाचे बी घेतले की वाण हळूहळू कमजोर होतो, म्हणून चार-पाच झाडे. वांगे बियाण्याला ठेवायचे तर झाडावर पिवळे पडू द्यावे लागते. टोमॅटोचा गर दोन-तीन दिवस भांड्यात आंबवून मग बी धुवावे, म्हणजे बियांभोवतीचा चिकट थर सुटतो.

बी वाळले की नाही हे पाहायला यंत्र लागत नाही. दाताखाली धरल्यावर कट्कन फुटले तर वाळले, चेपले तर ओले. मग चाळलेली चुलीची राख मिसळून मडक्यात किंवा बाटलीत भरायचे. राखेचे बारीक कण किड्याच्या अंगावरचा मेणासारखा थर खरवडतात, त्याच्या अंगातले पाणी जाते आणि तो मरतो. शिवाय राख ओलावाही शोषते. हवाबंद डबा फक्त पूर्ण वाळलेल्या बियांना चालतो, ओलसर बी त्यात कुजते.

कायद्याबद्दल लोकांच्या मनात उगाच भीती असते. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही, एवढीच अट.

पेव आणि कणगी

बियाण्याचे हे झाले, खायच्या धान्याची साठवण मोठी. बांबूची कणगी शेणामातीने लिंपून त्यात धान्य भरत. ज्वारीसाठी जमिनीत खणलेली पेवे असत. सांगलीजवळ हरिपूरला अशाच पेवांत हळद साठवली जाई. पेवाचे तोंड बंद केले की आतले धान्य आणि किडे मिळून प्राणवायू संपवतात, मग किडेही मरतात. हेच कारण माणसाच्या जिवावर येते. पेव उघडल्या उघडल्या आत उतरू नये. वायू बाहेर जाईपर्यंत ते बराच वेळ उघडे ठेवावे लागते. गावोगाव हे माहीत होते, पण आत उतरण्याचा धोका कुणाच्या वाट्याला येई हेही आपल्याला माहीत आहे. आज घरात पेव कुणी खणणार नाही. तत्त्व मात्र पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या कोठीलाही लागू पडते: कोरडे धान्य, काठोकाठ भरलेली कोठी आणि वारंवार न उघडणे. कडधान्याला एरंडेल तेलाचा हात फिरवला की भुंग्याची अंडी त्यावर तग धरत नाहीत.

वाकळ

वाकळ किंवा गोधडी शिवायला जुने सुती लुगडे लागते. हल्लीच्या पॉलिएस्टर साड्या घसरतात, घाम शोषत नाहीत आणि शिवण धरत नाहीत. तळाला एक धड लुगडे, वर जुन्या कपड्यांचे तुकडे, त्यावर पुन्हा लुगडे. सुरकुत्या काढून आधी लांब टाके घालायचे आणि मग कडेने सुरुवात करून धावदोऱ्याने आत आत, मध्यापर्यंत यायचे.

हे काम गरिबीची खूण मानून आपण लाजतो. विनयपिटकात मात्र चीवर तुकडे जोडूनच शिवलेले आहे, आणि त्याची रचना आनंदाने मगधातल्या बांध घातलेल्या भातखाचरांवरून केली. चुल्लवग्गात उदेन राजाची हकीकत आहे. राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली तेव्हा राजाला शंका आली, एवढ्या वस्त्रांचे हा भिक्खू काय करणार? आनंद सांगतो: ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटणार. जीर्ण चीवरांचे अंथरुणावरचे कापड होईल, तेही जुने झाले की गादीची खोळ, मग जमिनीवरचे अंथरण, मग पायपुसणे, मग झाडण, आणि शेवटी चिंध्या कुटून, चिखलात मिसळून त्याने जमीन लिंपली जाईल. राजा आनंदित होऊन आणखी पाचशे वस्त्रे देतो. लुगड्याची वाकळ, वाकळीचे बसकर आणि बसकराचे पोतेरे करणारी आपली आजी हाच हिशेब करत होती.

परसबागेला परस लागतो

स्वावलंबनाच्या शिबिरांत एक गोष्ट सहसा निघत नाही. परसबाग करायला परस लागतो. गावाबाहेरच्या वस्तीत घराला घर चिकटलेले आणि पाण्याची वेळ दुसऱ्याच्या मर्जीवर. म्हणून तर कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी 1959 मध्ये आणि पुन्हा 1964 मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. त्यांच्या नावाच्या सबलीकरण व स्वाभिमान योजनेत दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची तरतूद आहे. आपल्या भागात कुणाला मिळाली, कुणाचा अर्ज पडून आहे, हे समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारले पाहिजे. जमीन नसताना बियाणे राखायला सांगणे म्हणजे थट्टा आहे.

तरीही थांबून राहण्याचे कारण नाही. अनेक बुद्धविहारांभोवती थोडी मोकळी जागा असते आणि पाण्याची टाकी असते. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात तिथे ग्रंथवाचनाला लोक जमतातच, त्यात वयस्कर बायका जास्त. खरिपाचा हंगामही तोच. वाचन संपल्यावर अर्धा तास त्यांना बोलते करावे: तुमच्या गावी कोणता वाल होता, कधी पेरत, बी कशात ठेवत. मुलांनी आणि मुलींनी दोघांनीही लिहून घ्यावे. हे बायकांचे काम म्हणून पुन्हा मुलींच्याच गळ्यात पडू नये. कुणाकडे मूठभर बी निघालेच तर आधी दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून पाच-सहा दिवस ठेवावेत. सात-आठ उगवले तर बी चांगले, निम्मे उगवले तर दाट पेरावे, त्याहून कमी असतील तर जेवढे उगवले तेवढे कुंडीत लावून त्यांचेच नवे बी धरावे. बाटलीवर चिठ्ठी लावायची: वाणाचे नाव, गाव, पेरणीचा महिना आणि ज्या आजीने दिले तिचे नाव.