कराची ते बीदर : लँकेस्ट्रियनचे रात्रीचे फेरे

लेखमाला : माल वाहणारी लढाऊ विमाने | लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण डाकोटाची ओळख करून घेतली. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे जवान दिल्लीहून श्रीनगरला उतरवले ते याच विमानाने. आजचे विमान मात्र भारताच्या विरुद्ध बाजूने, निजामासाठी शस्त्रे घेऊन उडाले. ते उतरत होते बीदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर. आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूरपासून बीदर सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. त्या काळी दोन्ही गावे एकाच निजामी राज्यात होती.

या विमानाचे नाव ॲव्हरो लँकेस्ट्रियन. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीवर बॉम्ब टाकणाऱ्या लँकेस्टर विमानाचा हा मालवाहू अवतार. १९४३ साली अटलांटिकपलीकडे टपाल आणि महत्त्वाचे प्रवासी नेण्यासाठी कॅनडात काही लँकेस्टर विमानांवरच्या तोफा आणि चिलखती पत्रे उतरवले गेले. बंदूकधाऱ्यांच्या काचेच्या घुमटांच्या जागी निमुळते नाक आणि शेपूट बसवण्यात आले. पुढे ब्रिटनमध्येही अशी विमाने तयार झाली आणि ब्रिटिश हवाई दलानेही ती वापरली. चार मर्लिन इंजिने आणि लांबचा पल्ला हे मूळ बॉम्बफेकी विमानाचे गुण तसेच राहिले. त्याचे दोषही राहिले. धड अरुंद असल्यामुळे प्रवाशांना एका कडेने, आडवे तोंड करून बसावे लागे. अनेक विमानांत जागा होती ती अवघ्या नऊ जणांची. एप्रिल १९४५ मध्ये मात्र याच विमानाने इंग्लंड ते न्यूझीलंड हे अंतर साडेतीन दिवसांत कापले.

प्रवाशांसाठी गैरसोयीचे असलेले हे विमान १९४८ साली निजामाच्या कामाचे का ठरले, ते नकाशा पाहिला की कळते. हैदराबाद राज्याला समुद्रकिनारा नव्हता आणि चारही बाजूंनी भारत होता. पोर्तुगीजांकडून गोव्यातले बंदर मिळवण्याची निजामाची खटपट फळाला आली नव्हती. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारताशी जैसे थे करार झाला होता, पण दोन्ही बाजूंचा विश्वास उडाला होता. भारताने नाकेबंदी आवळली आणि रेल्वेने किंवा रस्त्याने शस्त्रे येण्याची वाट बंद झाली. उरले फक्त आकाश.

ती वाट धरली सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने. महायुद्ध सुरू होण्याआधी साध्या नागरी विमानातून जर्मनीची गुप्त छायाचित्रे टिपणारा हा साहसी माणूस होता. त्याने लँकेस्ट्रियन विमाने मिळवली आणि कराचीहून रात्रीच्या अंधारात हैदराबाद राज्यात शस्त्रे पोहोचवायला सुरुवात केली.

हीच विमाने का, हे समजण्यासाठी थोडा वजनाचा हिशेब करू. अर्धापूरहून केळीचा ट्रक दिल्लीला निघतो, तेव्हा टाकीतल्या डिझेलच्या वजनाचा विचार कोणी करत नाही. विमानात मात्र इंधनाचा प्रत्येक किलो मालाच्या एका किलोची जागा खातो. रिकामे लँकेस्ट्रियन सुमारे पावणेचौदा टनांचे होते आणि सुमारे साडेएकोणतीस टन वजनापर्यंत ते उड्डाण करू शके. म्हणजे इंधन, माल आणि माणसे यांच्यासाठी पंधरा टनांहून अधिक वाव होता. कराची ते बीदर हे अंतर सरळ रेषेत साधारण तेराशे किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन सव्वीसशे. लँकेस्ट्रियनचा पल्ला साडेसहा हजार किलोमीटरच्या पुढे होता. त्यामुळे टाक्या पूर्ण न भरताही ते परत जाऊ शके आणि वाचलेले वजन मालाला देता येई. नाकेबंदीतल्या धावपट्टीवर पेट्रोल मागण्याची गरजही उरत नसे. भरलेल्या डाकोटाला, वाटेत इंधन न घेता, हा फेरा झेपला नसता.

भारताने ब्रिटनकडे निषेध नोंदवला, तरी फेरे चालूच राहिले. इकडे जमिनीवर दुसरे युद्ध पेटले होते. लातूरला वकिली करणाऱ्या कासीम रझवीच्या रझाकारांनी, म्हणजे निजामाची बाजू घेणाऱ्या सशस्त्र टोळ्यांनी, गावोगाव दहशत बसवली होती. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता. उमरखेडसारख्या सरहद्दीवरच्या कॅम्पांतून तरुण निजामी ठाण्यांवर चालून जात होते. आपल्या जिल्ह्यातली उमरीची बँक जानेवारी १९४८ मध्येच क्रांतिकारकांनी ताब्यात घेतली होती.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्य सोलापूरकडून आत शिरले. नळदुर्गजवळ बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला. बीदरच्या वाटेवर राजेश्वरच्या पुढे टेम्पेस्ट विमानांनी रस्ता मोकळा केला. १७ तारखेच्या पहाटे सैन्य बीदरमध्ये होते आणि त्याच दिवशी निजामाने शरणागती पत्करली. ज्या विमानतळावर रात्री शस्त्रे उतरत होती, तो आज भारतीय हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. कॉटनला ब्रिटनमध्ये हवाई वाहतुकीचा कायदा मोडल्याबद्दल २०० पौंड दंड झाला.

आता त्याच वर्षाकडे थोडे दुरून पाहू. जुलै १९४८ पासून लँकेस्ट्रियन विमानेच, टँकरसारखी वापरून, सोव्हिएत नाकेबंदीत अडकलेल्या पश्चिम बर्लिनला इंधन पोहोचवत होती. ते शहर टिकले. काश्मीरच्या लढाईत वेढ्यात सापडलेल्या पूँछलाही भारताची डाकोटा विमाने रसद पोहोचवत होती आणि पूँछही टिकले. हैदराबादची राजवट मात्र पाच दिवसांत कोसळली. विमानाने आपले काम तिन्ही ठिकाणी केले. बर्लिन आणि पूँछमध्ये खाली उभे असलेले लोक त्या रसदेची वाट पाहत होते आणि तिच्या बळावर झुंजायला तयार होते. मराठवाड्यातले बहुसंख्य लोक मात्र ती शस्त्रे बाळगणाऱ्या राजवटीतून सुटण्यासाठी धडपडत होते. आकाशातून बंदुका आणता येतात, प्रजेचा पाठिंबा आणता येत नाही. दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदन करताना आपल्या वडीलधाऱ्यांच्या लढ्याचे हे मोल मुलांना सांगायला हवे. चार इंजिनांच्या विमानांनी येणाऱ्या शस्त्रांपेक्षा त्यांचा निर्धार जड ठरला.

(पुढील लेखांकात : पूँछचा हवाई पूल आणि एअर कमोडोर मेहर सिंग)