तिकिटाच्या पाठीवरचा कागद

सुट्टीत घरची जुनी ट्रंक उघडली की पत्रांच्या गठ्ठ्याबरोबर पोस्टाची तिकिटेही निघतात. आपल्या घरांत त्यात परमपूज्य बाबासाहेबांचे १४ एप्रिल १९६६ चे पंधरा पैशांचे तिकीट असू शकते, महात्मा फुल्यांचे १९७७ चे पंचवीस पैशांचे असू शकते. नशीब असेल तर १९४९ च्या मालिकेतला सांचीचा स्तूपही. तिकीट उलटे केले की पाठीला कसलासा कागद चिकटलेला दिसतो आणि मुले लगेच वाटीत पाणी घेऊन बसतात. त्यांना आमचे सांगणे एवढेच, की जरा हात आवरा. आधी तो कागद कुठला ते पाहा.

बटर पेपरसारखा पातळ, नखाएवढा तुकडा वरच्या अर्ध्या भागात असेल तर ती संग्राहकांची हिंज, म्हणजे बिजागरी. डिंक लावलेली ही पट्टी दुमडून अर्धी तिकिटाला, अर्धी अल्बमच्या पानाला चिकटवतात. कधी ती जाडसर पांढऱ्या कागदाची असते आणि तिच्या एका कडेला तिकिटासारखेच दाते दिसतात. तिकिटांच्या शीटला चहूबाजूंनी कोरी कडा असते, तिच्याही पाठीला डिंक असतो. विकतची हिंज घेण्यापेक्षा पुष्कळजण तीच कडा कापून वापरत. याला म्हणतात काटकसर!

काळा किंवा खरबरीत जाड कागद बहुधा अल्बमच्या पानाचा. छापील अक्षरे दिसली तर पावसाळ्यात ओल धरून वर्तमानपत्र चिकटले असे समजावे. मात्र अक्षरे आरशातल्यासारखी उलटी दिसत असतील, तर तिथे कागद नाहीच. डिंकावर नुसती शाई उतरली आहे.

एका कागदापासून मात्र सावध राहावे. तिकीट उजेडासमोर धरले असता चिकटलेल्या तुकड्याखाली भोक, फाटलेली रेघ किंवा विरलेली जागा दिसली, तर तो तुकडा मुद्दाम लावलेले ठिगळ असतो. असे तिकीट धड म्हणून विकणारे आहेत. विकत घेताना पाठ पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आता मुख्य गोष्ट. पाठीचा कागद तिकिटाच्या कडेबाहेर आला असेल, खाकी किंवा पांढरा असेल, तर तो पाकिटाचा तुकडा आहे. तथागतांच्या २५०० व्या जयंतीनिमित्त २४ मे १९५६ रोजी दोन आणे आणि चौदा आणे अशी दोन तिकिटे निघाली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. या महिन्यांत आपल्या माणसांनी गावोगावी पत्रे धाडली असणारच. त्यातली पत्रे गेली, पाकिटे चुलीत गेली, उरले ते तिकिटामागचे दोन बोटे पाकीट. टपालाचा शिक्का अर्धा तिकिटावर आणि अर्धा त्या पाकिटावर असतो. पाकीट सोडवले की गावाचे नाव एकीकडे आणि तारीख दुसरीकडे, अशी फाटाफूट होते. सुटे दोन आण्यांचे तिकीट बाजारात मिळेल, पण आजोबांच्या गावच्या शिक्क्याचा तो तुकडा कुठे मिळणार? आमच्या मते असा तुकडा कधीच भिजवू नये. पाठीमागे पत्त्याचे एखादे अक्षर असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ते कुणाचे, हे वहीत लिहून ठेवावे. लिहायला शिकलेल्या पहिल्या पिढीचे अक्षर आपल्याकडे फार थोड्या घरांत उरले आहे.

शिक्का नसलेली साधी वापरलेली तिकिटे सोडवायला हरकत नाही. थंड पाण्यात चित्र वर ठेवून तरंगू द्यावीत. वीसेक मिनिटांत कागद आपोआप सुटतो, ओढू नये. रंगीत पाकिटाचा तुकडा वेगळ्या वाटीत घ्यावा, त्याचा रंग बाकीच्या तिकिटांना लागतो. जांभळ्या शाईचे अक्षर असेल तर पाणी लावूच नये. न वापरलेल्या तिकिटाला पाणी लागले की मूळ डिंक जातो व किंमत उतरते, म्हणून त्यावरची हिंज तशीच राहू द्यावी. भिजलेली तिकिटे टिपकागदावर पालथी ठेवावीत आणि पुरती सुकल्यावर जाड पुस्तकात दाबावीत.