पूलमधली मॅलार्डची जोडी

अमेरिकेत मार्च-एप्रिल आला की मॅलार्ड बदकांची जोडी घरामागच्या स्विमिंग पूलवर घिरट्या घालू लागते. हिरव्या डोक्याचा नर, तपकिरी मादी. तिला घरट्यासाठी जागा हवी असते, म्हणून पहिल्याच दिवशी हटकायचं! पूल वापरात नसेल तेव्हा झाकून ठेवा. पाण्यावर मोठे फुगवलेले तराफे सोडा, पण त्यांची जागा बदलत राहा; बदकं हुशार, एका जागी पडलेल्या वस्तूला ती लगेच सरावतात. आणि पावाचा तुकडासुद्धा घालू नका.

अंडी दिसली तर मात्र थांबा. 1918च्या स्थलांतरित पक्षी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरटं हलवणं गुन्हा आहे. मादी साधारण 28 दिवस अंडी उबवते.

सर्वांत महत्त्वाचं: पिल्लं पाण्यात सहज उडी मारतात, पण पूलच्या उभ्या, गुळगुळीत कडेवरून त्यांना वर चढता येत नाही. दमून, गारठून ती मरतात. खडबडीत फळी तिरकी टेकवा, वरचं टोक काठावर, खालचं पाण्यात बुडालेलं. एवढं कराच!

विष्ठा पडली असेल तर ती काढून क्लोरीन तपासा, मगच मुलांना पाण्यात उतरवा.