बाकड्यावरचं नाव आणि सभागृहातला हात

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या दाराच्या कडीत रोज एखादं तरी पत्रक खोचलेलं असायचं. 15 जानेवारी 2026 ला राज्यातल्या 29 महापालिकांचं मतदान होतं, त्यात आमचंही शहर. गुळगुळीत कागद, हात जोडलेले चार उमेदवार, वर नेत्यांची रांग, खाली चिन्ह आणि मागच्या बाजूला 'आमचा संकल्प': चोवीस तास पाणी, मेट्रोचं वाढीव स्थानक, झोपडपट्टीमुक्त प्रभाग, नवी पोलीस चौकी, मालमत्ता करात माफी, ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र.

शेजारच्या आबांची सगळी नोकरी महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयात गेली. सभेची विषयपत्रिका काढायची, इतिवृत्त लिहायचं, कोण काय बोललं आणि प्रत्यक्षात काय मंजूर झालं यातला फरक मुकाट्यानं नोंदवायचा. त्यांनी ते पत्रक घेतलं आणि लाल पेननं सहापैकी चार ओळींवर काट मारली. पाण्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. विरंगुळा केंद्राला तेवढी बरोबरची खूण मिळाली.

गैरसमज : जाहीरनाम्यातलं सगळं महापालिकेच्या हातात असतं

74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू झाली आणि तिच्याबरोबर राज्यघटनेत बारावं परिशिष्ट आलं. शहरांकडे सोपवता येतील असे 18 विषय त्यात आहेत: नगररचना, रस्ते-पूल, पाणीपुरवठा, अग्निशमन, स्मशानं, अगदी कोंडवाडेसुद्धा. मेख आहे ती 'सोपवता येतील' या शब्दांत. काय सोपवायचं आणि किती, हे राज्य सरकार ठरवतं. पोलीस तर या यादीत नाहीतच. झोपडपट्टी पुनर्वसनासाठी मोठ्या शहरांत स्वतंत्र प्राधिकरण आहे आणि ते राज्याचं आहे. पुण्यात या वेळी मेट्रोचा प्रवास मोफत करण्याचंही आश्वासन दिलं गेलं. मेट्रोच्या 2002 च्या कायद्याप्रमाणे भाड्यासाठी केंद्र सरकार समिती नेमतं आणि तिच्या अध्यक्षपदी उच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश असतात. नगरसेवकाला तिथे दारातही उभं करत नाहीत.

कराचं तसंच. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करू, असं वचन शिवसेनेनं 2017 च्या निवडणुकीत दिलं होतं. पालिका त्यांच्याच ताब्यात आली. तरी 2019 मध्ये राज्यानं कायदा बदलल्यावर माफ झाला तो फक्त सर्वसाधारण कर, म्हणजे बिलातला एक भाग. पूर्ण माफी मिळाली जानेवारी 2022 पासून, आणि तीही राज्य मंत्रिमंडळाच्या निर्णयानं. पुणेकरांना राहत्या घरासाठी 1970 पासून मिळणारी 40 टक्के सवलत अशीच मंत्रालयातून गेली आणि 2023 मध्ये मंत्रालयातूनच परत आली. मधल्या काळात ज्यांच्या हातात वाढीव बिलं पडली, ते जाब विचारायला नगरसेवकाकडेच गेले.

म्हणून करमाफीचं वचन देणाऱ्याला विचारायचा प्रश्न साधा आहे: तुमच्या पक्षानं विधानसभेत याबद्दल काय केलं?

गैरसमज : बाकडं नगरसेवकानं दिलं

आमच्या कोपऱ्यावरच्या सिमेंटच्या बाकड्याच्या पाठीवर एका माजी नगरसेवकांचं नाव इतक्या मोठ्या अक्षरांत आहे की टेकून बसलं तर शर्टावर उमटेल असं वाटतं. नावाखाली 'यांच्या विकासनिधीतून'. हा निधी त्यांच्या खिशातला नव्हे, हे कळत सगळ्यांना असतं. तरी ते नाव वाचताना थोडं उपकृत व्हायला होतंच. पुण्याच्या अंदाजपत्रकात प्रभागातल्या अशा कामांच्या तरतुदीला 'स यादी' म्हणतात, इतर शहरांत नावं वेगळी. पैसा कराचा, निविदा प्रशासनाची, बिल ठेकेदाराचं. नगरसेवकाचा वाटा काम सुचवण्याचा. तो वाटा लहान नाही. ड्रेनेजची जुनी लाइन बदला म्हणायचं की चांगले पेव्हिंग ब्लॉक उखडून नवे बसवा म्हणायचं, हे तोच ठरवतो. पण ड्रेनेजच्या लाइनवर नाव घालायला जागा नसते, ही त्या लाइनची मोठीच अडचण आहे.

गैरसमज : महापौर म्हणजे शहराचा मुख्यमंत्री

महापौर सभा चालवतो, मानाचा असतो, अडीच वर्षं असतो. कारभार आयुक्त चालवतो आणि आयुक्त राज्य सरकार पाठवतं. मुंबईचा कायदा 1888 चा, इतर महापालिकांचा 1949 चा. दोन्हींत ही घडी तीच. ती मोडायचा एक प्रयत्न झाला होता. 1998 मध्ये मुंबईत 'मेयर-इन-कौन्सिल' आणून महापौराकडे खरे अधिकार दिले गेले, पण वर्षभरात तो प्रयोग गुंडाळला.

आयुक्त नको असेल तर? 1949 च्या कायद्यात तशी सोय आहे: एकूण नगरसेवकांपैकी पाच-अष्टमांशांनी ठराव केला तर सरकारनं आयुक्ताला परत बोलवायचं. नवी मुंबईत ऑक्टोबर 2016 मध्ये तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध असा ठराव 104 विरुद्ध 6 मतांनी मंजूर झाला. मुंढे मार्च 2017 पर्यंत त्याच खुर्चीवर होते. त्या वादात कोण बरोबर होतं, यावर नवी मुंबईत आजही दोन तट पडतील. पण अख्खं सभागृह एका बाजूला आणि सरकारची मर्जी दुसऱ्या बाजूला असली की पारडं कुठे झुकतं, ते त्या पाच महिन्यांत दिसलं. सभागृहाचा ठराव निलंबित किंवा 'विखंडित', म्हणजे रद्द, करण्याचा अधिकारही सरकारकडेच असतो. हा शब्द फक्त नगरविकास खात्यात जिवंत आहे.

गैरसमज : मग नगरसेवक असला काय, नसला काय

इथे आबा चिडतात. 2022 च्या मार्चमध्ये मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते. प्रशासक म्हणून आयुक्तच बसले. आयुक्तांनी अंदाजपत्रक मांडायचं आणि प्रशासक या नात्यानं आपणच ते मंजूर करायचं. सही तीच, शिक्के दोन. रस्ते त्या काळातही झाले, बिलंही निघाली. फक्त 'हे एवढ्याला का?' असं सभागृहात उभं राहून विचारणारं कोणी नव्हतं.

नगरसेवकाचं खरं काम तिथे असतं, आणि पत्रकावर नेमकं त्याचंच अवाक्षर नसतं. मुंबईबाहेरच्या महापालिकांत स्थायी समिती 16 जणांची. मोठ्या निविदा तिच्या मंजुरीशिवाय पुढे सरकत नाहीत. दर वर्षी तिच्यातले निम्मे सदस्य निवृत्त होतात, पहिल्या वर्षी चिठ्ठ्या टाकून. पक्षात रुसवेफुगवे महापौरपदापेक्षा या समितीवरून जास्त होतात आणि ते उगाच नव्हे.

दुसरी जागा मुख्य सभा. तिथे 'आयत्या वेळचे विषय' नावाचा एक प्रकार असतो. छापील विषयपत्रिकेत नसलेला विषय सभा संपता संपता येतो, सूचक-अनुमोदकाची नावं लागतात, 'मंजूर, मंजूर' होतं, आणि इतिवृत्तात तो इतर विषयांसारखाच शहाणासुरता दिसतो. विकास आराखड्यातलं एखादं आरक्षण बदलायचं असेल, म्हणजे बागेची जागा निवासी करायची असेल, तर नगररचना कायद्याच्या कलम 37 खालचा प्रस्तावही या सभेच्या ठरावावरच सरकारकडे जातो. त्यावर हात वर कोणी केला हे कागदावर असतं. तो कागद मागायला कोणी जात नाही.

आणि तिसरं, आबांचा खास राग ज्याच्यावर आहे ते 'वर्गीकरण'. अंदाजपत्रकात एका कामासाठी ठेवलेली रक्कम दुसऱ्या कामाकडे वळवणं, एवढाच त्याचा अर्थ. तशी गरज खरोखर पडते: पावसाळ्यात भिंत कोसळली तर पुढच्या एप्रिलची वाट बघता येत नाही. पण आर्थिक वर्ष संपत आलं की वर्गीकरणाच्या प्रस्तावांचा लोंढा लागतो. समजा, पंपिंग स्टेशनसाठी पैसे होते, जागा ताब्यात आली नाही म्हणून काम सुरू झालं नाही, मार्च आला. पैसे परत जाण्यापेक्षा प्रभागात खर्च होऊ द्या, असं म्हणत त्यातून कमानी, नामफलक, रंगरंगोटी निघते. पुढच्या वर्षी पंपिंग स्टेशनला पुन्हा तरतूद, पुन्हा मार्च. प्रचारात चोवीस तास पाणी देणारा माणूस मार्चमध्ये स्वतःच्या हातानं त्या पाण्याचे पैसे कमानीला देऊ शकतो, आणि त्यात बेकायदा काही नसतं. आबांनी पाण्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं ते म्हणून.

मतदानाबद्दलचे काही फुटकळ समज

उमेदवार आपल्याच प्रभागात राहणारा असला पाहिजे, असं पुष्कळांना वाटतं. तसं बंधन नाही. शहराच्या मतदार यादीत नाव आणि 21 वर्षं पूर्ण, एवढं पुरतं. 'आपला माणूस' हे पत्रकावरचं विशेषण आहे, कायद्यातलं नव्हे.

मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडला जातो. बाकी शहरांत 2002 मध्ये तीन सदस्यांचे प्रभाग होते, 2012 मध्ये दोनांचे, 2017 पासून बहुतेक ठिकाणी चारांचे. त्यामुळे अ, ब, क, ड अशी चार मतं द्यायची असतात आणि ती चारही एकाच पक्षाला द्यायला हवीत, हा समज पक्षांनीच पसरवलेला आहे. चारांत एकच नाव ओळखीचं वाटलं, तर बाकी तिघांसाठी वेगळा विचार करायला कुणाची हरकत नाही.

नोटा वाया जातं, हा विधानसभेपुरता खरा समज. महाराष्ट्रातल्या स्थानिक निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोगानं नोव्हेंबर 2018 मध्ये आदेश काढला की नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची. फेरनिवडणुकीतही तेच झालं, तर मात्र उमेदवारांत जास्त मतं मिळवणारा विजयी.

आणि 'माझ्या एका मतानं काय होतंय' म्हणणाऱ्यांनी मुंबईचा 220 क्रमांकाचा प्रभाग आठवावा. फेब्रुवारी 2017 च्या मोजणीत भाजपचे अतुल शाह आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर या दोघांनाही 5,946 मतं पडली. चिठ्ठी काढली, शाह जिंकले. त्या निवडणुकीत मुंबईचं मतदान 55 टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे त्या प्रभागातही घरी बसलेल्यांची संख्या हजारांत असणार.

राहिलं महिला आरक्षण. 2011 पासून निम्म्या जागा महिलांच्या. 'बाईंचं नाव, कारभार साहेबांचा' हे म्हणणं ऐकीव नव्हे. अनेक प्रभागांत ते डोळ्यांनी दिसतं. पण ते सगळीकडे लागू करून मोकळं होणं हा आळस आहे, असं मला त्या आठवड्यात वाटलं.

मतदानाच्या तीन दिवस आधी एक पॅनल आमच्या जिन्यात आलं. पुढे ताईंचे यजमान, गळ्यात उपरणं; ताई चार पायऱ्या मागे, हातात पत्रकांचा गठ्ठा. आबांनी दार उघडलं आणि नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत विचारलं, "मार्चमध्ये वर्गीकरणं येतील. तुम्ही हात वर करणार का?"

यजमान मनापासून हसले. "आबा, वर्गणीची काळजी तुम्ही अजिबात करू नका. गणपतीचं, शिवजयंतीचं, सगळं आमच्याकडे लागलं."

"वर्गणी नाही, वर्गीकरण म्हणाले ते," ताई मागून म्हणाल्या. गठ्ठा त्यांनी यजमानांच्या हातात दिला आणि चार पायऱ्या चढून वर आल्या. "कुठल्या कामाचं म्हणताय?"

आबांनी खुर्ची पुढे सरकवली.