चिखलातला वायू खाणारे जीव

लावणीच्या दिवसांत खाचरात पाय रोवला की चिखलातून बुडबुडे वर येतात, ते आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्या बुडबुड्यांत बराचसा मिथेन असतो. ज्यांच्या घरी गोबरगॅसची टाकी आहे त्यांना हा वायू ओळखीचा आहे, कारण शेगडीवर निळ्या ज्योतीने जळतो तो हाच. टाकीत शेण हवेशिवाय कुजतं, खाचरात पाण्याखाली धसकटं आणि पेंढा हवेशिवाय कुजतो. काम करणारे सूक्ष्मजीव दोन्हीकडे एकाच जातकुळीचे. फरक इतकाच की टाकीतला गॅस आपल्या भाकरीला लागतो आणि खाचरातला आकाशात जातो.

आकाशात गेलेला मिथेन उष्णता धरून ठेवतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर वजनाला वजन तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. पण तो हवेत साधारण १२ वर्षंच टिकतो. म्हणजे आज कमी सोडला तर त्याचा गुण आपल्या मुलांच्या हयातीतच दिसेल.

आता आजच्या बोलण्याचा खरा विषय. चिखलात तयार झालेला सगळाच मिथेन बाहेर पडत नाही. वाटेत त्याला खाणारे जिवाणू बसलेले असतात. मिथेन हेच त्यांचं अन्न आणि तेच त्यांचं इंधन, पण तो पचवायला त्यांना प्राणवायू लागतो. म्हणून ते हवा आणि चिखल जिथे भेटतात तिथेच राहतात. एक जागा म्हणजे चिखलाचा अगदी वरचा, काही मिलिमीटरचा थर. दुसरी जागा भाताची मुळं. भाताच्या अंगात पानापासून मुळापर्यंत पोकळ वाटा असतात, त्यातून हवा खाली उतरते. खाचरातलं भाताचं रोप उपटलं की मुळांवर गंजासारखा तांबूस लेप दिसतो ना, तो मुळांतून झिरपलेल्या प्राणवायूने चिखलातल्या लोहाला चढलेला गंज. तिथेच या जिवाणूंची पंगत बसते. मात्र त्याच पोकळ वाटांनी उरलेला मिथेन वर निसटतो. खाचरातला बहुतेक मिथेन बुडबुड्यांतून नाही, रोपातूनच बाहेर पडतो.

हे जिवाणू फक्त भातातच असतात असं नाही. तळी, दलदली, नद्यांचा गाळ, समुद्राचा तळ, सगळीकडे त्यांचे भाऊबंद आहेत. रानातली कोरडी माती तर सरळ हवेतला मिथेन ओढून घेते. डच शास्त्रज्ञ झेंगेन यांनी १९०६ साली असा जिवाणू पहिल्यांदा वेगळा केला.

आपल्याकडचं काम पुण्यात झालं, आणि ते एका बाईने पुढे नेलं याचा आम्हाला विशेष आनंद आहे. आघारकर संशोधन संस्थेतल्या डॉ. मोनाली रहाळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भातशेतीतून आणि पाणथळ जागांतून मिथेन खाणाऱ्या जिवाणूंचे कितीतरी वाण वेगळे करून जतन केले. हे जीव हळू वाढतात, जपावे लागतात. त्यातला एक तर अगदी नवा निघाला. आकाराने लांबट, काकडीसारखा, म्हणून त्याचं नाव मिथायलोक्युक्युमिस ओरायझी. ओरायझी म्हणजे भाताचा. पुढे पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या दगडखाणीतल्या पाण्यातही तो सापडला. इंद्रायणी भाताला तो दिला तेव्हा फुलोरा लवकर आला आणि दाणाही वाढला, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं. पण हे प्रयोग लहान प्रमाणावरचे आहेत. म्हणून उद्या कुणी दारात येऊन ‘मिथेन खाणारं औषध’ म्हणून बाटली विकायला लागलं, तर गटाच्या पैशातून घेण्याआधी कर्जतच्या भात संशोधन केंद्रात विचारून या.

बाटलीशिवायही या जिवाणूंना मदत करता येते. चिखलात हवा शिरू द्यायची, एवढंच. पाणी सतत तुंबवून न ठेवता मधूनमधून आटू दिलं की मिथेन करणारे दबतात आणि खाणाऱ्यांना जोर येतो. पावसाळ्यात आपल्याकडे हे जमणं कठीण, आषाढातलं पाणी कुणाच्या हातात नसतं. पण राजनाल्याच्या पाण्यावर उन्हाळी भात घेणाऱ्यांना ते जमण्यासारखं आहे. भोकं पाडलेली एक नळी खाचरात रोवायची. नळीतलं पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटर उतरलं की पुन्हा पाणी सोडायचं. लावणीनंतरचे पहिले दोन आठवडे आणि फुलोऱ्याच्या वेळी मात्र रोपाला तहान लागू द्यायची नाही. युरियाही बेताने, नाहीतर ओल्या-सुक्या मातीतून दुसराच एक तापवणारा वायू निघतो. आणि ओलं शेण किंवा ताजा पेंढा पाण्यात गाडण्यापेक्षा कुजलेलं खत घाला. कच्चा माल जितका जास्त, तितका मिथेन जास्त.

नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी बसवलेलं सगुणा भात तंत्र तर चिखलणीच टाळतं. गादीवाफ्यावर टोकणी, लावणी नाही, पाणी तुंबवणं नाही. त्यात तणनाशकावर भिस्त आहे, ती आमच्यातल्या कितीतरी जणींना पटत नाही, आणि त्यावर बोललंच पाहिजे. पण दिवसभर वाकून चिखलात लावणी करणारी कंबर कुणाची, हेही त्याच वेळी बोलायला हवं. सातबारा बहुतेकींच्या नावावर नाही. पाणी कधी सोडायचं आणि खत कोणतं घालायचं हे घरात ठरतं तेव्हा आपण चुलीपाशी असतो. यंदा उन्हाळी भाताचं ठरेल तेव्हा त्या बोलण्यात बसा. नळीला खर्च फार नाही, प्लंबिंगच्या उरलेल्या पाइपचा हातभर तुकडा आणि भोकं पाडायला तापवलेली सळई पुरते. एकाच खाचरात लावा, शेजारचं नेहमीसारखं ठेवा, आणि कापणीला दोन्हींचं भात वेगळं मोजा.