पल्ल्याची चिंता

पल्ल्याची चिंता ही विद्युत वाहनांच्या संदर्भात वापरली जाणारी संज्ञा आहे. बॅटरीतील विजेचा साठा संपण्यापूर्वी इच्छित स्थळी किंवा पुढच्या चार्जिंग केंद्रापर्यंत पोहोचता येईल की नाही, या शंकेमुळे चालकाच्या किंवा वाहन घेऊ इच्छिणाऱ्याच्या मनात निर्माण होणारी धास्ती म्हणजे पल्ल्याची चिंता होय. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर वाहन जितके अंतर कापू शकते, त्याला त्या वाहनाचा पल्ला म्हणतात. ही चिंता केवळ बॅटरीच्या क्षमतेवर अवलंबून नसते. वाटेतील चार्जिंगची सोय किती खात्रीची आहे, यावरही ती तितकीच अवलंबून असते. विस्ताराने मोठा आणि विरळ वस्तीचा यवतमाळ जिल्हा हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

संज्ञा व पार्श्वभूमी

इंग्रजीतील ‘रेंज अँग्झायटी’ हा शब्दप्रयोग १९९७ मध्ये ‘सॅन दिएगो बिझनेस जर्नल’ या अमेरिकी नियतकालिकात आढळतो. जनरल मोटर्सच्या ‘ईव्ही १’ या इलेक्ट्रिक कारच्या चालकांना वाटणाऱ्या काळजीविषयी तो वापरला गेला होता.

वाटेत इंधन मिळेल का, ही काळजी मात्र विद्युत वाहनांइतकी नवी नाही. १८८८ मध्ये बर्था बेंझ यांनी जर्मनीतील मानहाइम ते फोर्त्सहाइम असा मोटारप्रवास केला, तेव्हा त्यांना वाटेतील वीसलोख येथे औषधांच्या दुकानातून इंधन विकत घ्यावे लागले. वाफेच्या इंजिनांना ठरावीक अंतरावर पाणी भरावे लागे. यवतमाळ–मूर्तिजापूर या अरुंदमापी लोहमार्गावर, म्हणजेच ‘शकुंतला’ रेल्वेवर, अशी इंजिने १९९४ पर्यंत धावत होती. पेट्रोल पंपांचे जाळे दाट झाल्यावर मोटारचालकांची ही काळजी जवळजवळ नाहीशी झाली. विद्युत वाहनांच्या बाबतीत ते जाळे अद्याप विणले जात आहे.

भारतात २००१ मध्ये आलेल्या ‘रेवा’ या छोट्या गाडीचा पल्ला सुमारे ८० किमी होता. २०२० मध्ये बाजारात आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासांची, तर घोषित पल्ला ३१२ किमी होता. त्यानंतर आलेल्या काही गाड्यांचा घोषित पल्ला ५०० किमीच्या पुढे गेला आहे.

घोषित पल्ला व प्रत्यक्ष पल्ला

गाडीच्या जाहिरातीतील पल्ला प्रमाणित चाचणीतून ठरवला जातो. ही चाचणी प्रयोगशाळेत, रुळांवर चाके फिरवून, ठरवून दिलेल्या वेगचक्रानुसार होते. भारतात दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या चाचणीचक्रात कमाल वेग ताशी ९० किमी असतो आणि सरासरी वेग त्याहून पुष्कळ कमी असतो. प्रत्यक्ष रस्त्यावरील वेग, ऊन, चढ आणि ओझे यांमुळे मिळणारा पल्ला घोषित पल्ल्याहून कमी भरतो. म्हणून खरेदीचा विचार करताना प्रत्यक्ष पल्लाच धरावा लागतो.

हिशेबाची सोपी रीत अशी आहे. एक किलोवॅट-तास म्हणजे वीजबिलावरील एक युनिट. मध्यम आकाराच्या इलेक्ट्रिक कारला १०० किमीसाठी सुमारे १५ युनिट वीज लागते असे धरल्यास ३० युनिटांच्या बॅटरीवर २०० किमी अंतर कापता येते. त्यातील सुमारे १५ टक्के साठा अडीअडचणीसाठी राखून ठेवला, तर निश्चिंतपणे कापता येण्याजोगे अंतर १७० किमी उरते.

पल्ल्यावर परिणाम करणारे घटक

वेग : हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किमीऐवजी १२० किमी वेगाने गेल्यास हा अवरोध सव्वादोन पट होतो. समृद्धी महामार्गावर हलक्या वाहनांना ताशी १२० किमी वेगाची मुभा आहे. त्या वेगाने जाणाऱ्या गाडीचा पल्ला साध्या रस्त्यावरील पल्ल्याहून बराच कमी होतो.

वातानुकूलन : विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. वातानुकूलन यंत्र सरासरी दीड किलोवॅट वीज घेत असेल आणि गाडी ताशी ५० किमी वेगाने जात असेल, तर १०० किमीच्या दोन तासांच्या प्रवासात तीन युनिट वीज केवळ गारव्यासाठी खर्च होते. वर धरलेल्या हिशेबानुसार ही वीज २० किमी प्रवासाला पुरली असती. अतिउष्णतेत बॅटरीच्या रक्षणासाठी गाडीची यंत्रणा जलद चार्जिंगचा वेगही कमी करते.

चढ : चढाची भीती पुष्कळदा वस्तुस्थितीहून मोठी असते. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर, तर नागपूर सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. दीड टन वजनाची गाडी १४० मीटर उंच नेण्यासाठी अर्ध्या युनिटाहून थोडी अधिक ऊर्जा लागते. म्हणजे सुमारे चार किमीचा पल्ला कमी होतो. उतारावर गाडीचा वेग आवरताना मोटर जनित्रासारखी चालते आणि काही वीज बॅटरीत परत जमा होते.

बॅटरीचे वय : वापराबरोबर बॅटरीची साठवणक्षमता हळूहळू घटते. अनेक उत्पादक बॅटरीसाठी आठ वर्षे किंवा १,६०,००० किमी अशी हमी देतात. गाडी दीर्घकाळ वापरायची असल्यास ही घट हिशेबात धरणे आवश्यक ठरते.

चार्जिंगचे प्रकार

घरातील १५ किंवा १६ अँपिअरच्या सॉकेटवर सुमारे तीन किलोवॅट शक्तीने चार्जिंग होते. ३० युनिटांची बॅटरी पूर्ण भरण्यास अशा वेळी दहा तासांच्या आसपास अवधी लागतो. भिंतीवर बसवलेल्या ७.२ किलोवॅटच्या चार्जरने हा अवधी सुमारे पाच तासांवर येतो. मात्र त्यासाठी गाडीतील यंत्रणा तितकी शक्ती घेऊ शकणारी असावी लागते आणि बहुधा घराच्या वीजजोडणीचा मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. या दोन्ही प्रकारांत प्रत्यावर्ती प्रवाह (एसी) वापरला जातो.

सार्वजनिक जलद केंद्रांवर एकदिश प्रवाह (डीसी) थेट बॅटरीला दिला जातो. भारतातील बहुतेक कार त्यासाठी ‘सीसीएस-२’ प्रकारची जोडणी वापरतात. जलद केंद्रावर साठा ८० टक्क्यांपर्यंत नेण्यास साधारणपणे तासभर लागतो. त्यापुढे चार्जिंगचा वेग बराच मंदावत असल्याने प्रवासात बॅटरी शंभर टक्के भरण्याची वाट पाहणे सहसा फायद्याचे नसते. काही लहान गाड्यांत डीसी चार्जिंगची सोयच नसते. अशी गाडी लांबच्या प्रवासाला अडचणीची ठरते.

घरगुती चार्जिंगसाठी योग्य अर्थिंग अत्यावश्यक असते. अर्थिंग सदोष असल्यास किंवा दाब फार कमी झाल्यास गाडी चार्जिंग थांबवते. गावातील जुन्या घरांत ‘रात्रभर जोडून ठेवूनही गाडी भरली नाही’ असा अनुभव येण्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

यवतमाळ जिल्ह्यातील स्थिती

यवतमाळ जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १३,५८२ चौरस किमी असून त्यात १६ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २७,७२,३४८ होती. नागपूर–हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग ४४ पांढरकवड्यावरून जातो, तर तुळजापूर–बुटीबोरी हा राष्ट्रीय महामार्ग ३६१ उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ व कळंब या भागांतून जातो. जिल्ह्यातील रेल्वेसेवा मर्यादित आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नियोजित लोहमार्गापैकी वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. त्यामुळे लांबच्या प्रवासाचा मुख्य भार रस्त्यांवरच आहे.

दैनंदिन प्रवासाचा विचार केल्यास पल्ला ही येथे मोठी अडचण नाही. शाळा, बाजार, शेत किंवा तालुक्याचे कार्यालय येथपर्यंतचे येणे-जाणे बहुधा एका चार्जिंगमध्ये अनेकदा होऊ शकते. अंगणात गाडी उभी करण्याची सोय असलेल्या घरांना तर महानगरातील सदनिकाधारकांपेक्षा घरी चार्जिंग करणे सोपे जाते.

अडचण येते ती क्वचित होणाऱ्या, पण टाळता न येणाऱ्या प्रवासात. गंभीर आजारातील उपचारांसाठी येथील रुग्णांना नागपूर, सेवाग्राम, नांदेड किंवा चंद्रपूर गाठावे लागते. यवतमाळ–नागपूर अंतर सुमारे १५० किमी आहे. वरील उदाहरणातील गाडी नागपूरला पोहोचते तेव्हा तिच्यात ५० किमीपुरता साठा उरतो. राखीव साठ्यासह परतण्यासाठी आणखी सुमारे २० युनिट वीज लागते. जलद केंद्रावर ती तासाभराच्या आत मिळते. साध्या सॉकेटवर त्याला सहा-सात तास लागतात. रुग्णालयात दिवस जाणारच असेल, तर आवारातील साधी जोडणीही पुरेशी होते.

उमरखेडहून नागपूर मात्र अडीचशे किमीपेक्षा दूर आहे. तेथून निघालेल्या याच गाडीला वाटेत एकदा थांबावेच लागते. त्या ठिकाणचा एकमेव चार्जर बंद असेल, दुसरी गाडी आधीच लागलेली असेल किंवा वादळी पावसाने वीजपुरवठा खंडित झाला असेल, तर पुढचा सगळा हिशेब कोलमडतो. एका ठिकाणी एक चार्जर असण्यापेक्षा दोन असणे, आणि ते चालू आहेत की नाहीत याची माहिती आधी मिळणे, म्हणूनच महत्त्वाचे ठरते. बॅटरी मोठी केल्याने ही अनिश्चितता कमी होते, संपत नाही.

शासकीय धोरण

विद्युत वाहनांचे चार्जिंग ही विजेची विक्री नसून सेवा आहे व तिच्यासाठी वीज कायदा, २००३ अन्वये परवाना लागत नाही, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांत शहरांत ३ किमी लांब व ३ किमी रुंद अशा प्रत्येक चौकोनात एक केंद्र आणि महामार्गांच्या दोन्ही बाजूंना दर २५ किमीवर एक केंद्र, असे उद्दिष्ट ठेवले होते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत चार्जिंग केंद्रांसाठी २,००० कोटी रुपयांची तरतूद आहे.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये व पुन्हा २०२५ मध्ये विद्युत वाहन धोरण जाहीर केले. २०२५ च्या धोरणात मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतू येथे इलेक्ट्रिक कारना पथकरमाफी, तसेच राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किमीला चार्जिंगची सोय यांचा समावेश आहे. राज्यात चार्जिंग सुविधांच्या समन्वयाचे काम महावितरणकडे आहे. महामार्गांवर भर असल्याने घाटंजी, झरी जामणी यांसारख्या महामार्गांपासून आत असलेल्या तालुक्यांसाठी घरचे चार्जिंग हाच मुख्य आधार राहतो.

खरेदीपूर्वी विचारात घ्यावयाच्या बाबी

वर्षभरात एका दिवसात १५० किमीपेक्षा अधिक प्रवास किती वेळा होतो, याची नोंद काढल्यास गरजेची बॅटरी ठरवणे सोपे जाते. असे प्रसंग मोजकेच असल्यास लहान बॅटरीची गाडी घेऊन त्या दिवसांसाठी एसटी किंवा भाड्याच्या वाहनाचा पर्याय ठेवता येतो. ते वारंवार येत असल्यास मोठी बॅटरी व जलद चार्जिंगची सोय असलेली गाडी घ्यावी लागते.

नेहमीच्या लांबच्या मार्गावर किमान दोन केंद्रे हेरून ठेवणे, निघण्यापूर्वी ती चालू असल्याची खात्री करणे आणि पहिले केंद्र बंद निघाल्यास दुसरे गाठता येईल इतका साठा शिल्लक असतानाच थांबणे, ही दक्षता उपयुक्त ठरते. घरात आजारी किंवा वृद्ध व्यक्ती असल्यास रात्री गाडीतील साठा निम्म्याखाली जाऊ न देण्याची सवय हितावह असते. तातडीच्या प्रसंगी मात्र राज्यभर उपलब्ध असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला प्राधान्य देणे योग्य होय.