एन.डी.ए.ला जायचे, तर खेळ कोणता निवडावा?

नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले की आठवी-नववीच्या पालकांकडून आम्हा शिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. “मुलाला एन.डी.ए.ला पाठवायचे आहे. त्याला कोणत्या खेळात घालू?” कुणाला नेमबाजी सुचवली गेलेली असते, कुणाला घोडेस्वारी. कुणी म्हापशाला किंवा पणजीला महागडा क्लास लावायच्या विचारात असतो. गावच्या मैदानावर चार वर्षे कबड्डी खेळलेल्या मुलाला घरी सांगितले जाते, “सैन्यात असले खेळ चालत नाहीत, दुसरे काहीतरी शीक.” याच्या उलटही घडते. नववीत गेल्यावर “आता खेळ पुरे, शिकवणीला जा” असे म्हणून चांगल्या खेळाडूचे मैदान बंद केले जाते. दोन्हीकडे नुकसान मुलाचेच होते. म्हणून या प्रश्नाचे जरा सविस्तर उत्तर देण्याचे आम्ही ठरवले.

निवड कशी होते?

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजेच एन.डी.ए., पुण्याजवळ खडकवासला येथे आहे. देहरादून येथे १९४९ साली सुरू झालेली ही संस्था पुढे खडकवासल्याला आली आणि जानेवारी १९५५ मध्ये तेथे तिचे रीतसर उद्घाटन झाले. भूसेना, नौदल आणि हवाई दल या तिन्ही दलांचे भावी अधिकारी येथे तीन वर्षे एकत्र शिकतात. नौदलाची स्वतंत्र अकादमी तर १९८६ पासून २००९ पर्यंत आपल्या गोव्यातच, वेरें येथे, आय.एन.एस. मांडवीवर होती. आता ती केरळात एझिमला येथे आहे. बारावीनंतर तेथे जाण्याचा एक मार्गही एन.डी.ए.च्याच परीक्षेतून जातो.

मुलींना ही परीक्षा देण्याची वाट सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशाने मोकळी झाली. पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुली प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. तेव्हा या लेखात जे जे मुलांसाठी लिहिले आहे, ते मुलींसाठीही आहे.

परीक्षा संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षे. बारावीत शिकत असतानाही परीक्षेला बसता येते आणि पणजी हे तिचे एक केंद्र आहे. लेखी परीक्षा ९०० गुणांची : गणित ३०० आणि सामान्य क्षमता ६००. त्यात उत्तीर्ण झालेल्यांना सेवा निवड मंडळ, म्हणजे एस.एस.बी., मुलाखतीसाठी बोलावते. तिलाही ९०० गुण. त्यानंतर वैद्यकीय तपासणी.

पालकांनी आता नीट लक्ष द्यावे. या १८०० गुणांत खेळाच्या प्रमाणपत्रासाठी वेगळा असा एकही गुण ठेवलेला नाही. खेळाडूंसाठी राखीव जागाही नाहीत. आपल्या गोवा शालान्त मंडळाच्या परीक्षेत खेळाडूंना क्रीडागुण मिळण्याची सोय आहे. त्यामुळे एन.डी.ए.तही तसेच असेल असा समज होतो, पण तो बरोबर नाही. राज्य पातळीवरची दहा प्रमाणपत्रे असली तरी गणिताचा पेपर सोडवावाच लागतो.

सैन्यात खेळाडू म्हणून भरती होण्याचा मार्ग निराळा आहे. भालाफेकपटू नीरज चोप्रा २०१६ मध्ये भूसेनेत नायब सुभेदार म्हणून दाखल झाले, ते त्या मार्गाने. ज्याला खेळाडू म्हणूनच घडायचे आहे त्याने त्या वाटेची चौकशी करावी. येथे आम्ही अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी बोलत आहोत.

गोंधळ होण्याचे आणखी एक कारण म्हणजे परदेशातील माहिती. अमेरिकेत वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीला अर्ज करताना शाळेच्या संघातून खेळणे आणि संघाचे कप्तानपद यांची दखल घेतली जाते. धावणे, जोर, बास्केटबॉल फेकणे अशा सहा प्रकारांची शारीरिक चाचणीही अर्जाबरोबर द्यावी लागते. तिथला सल्ला तिथे ठीक. आपल्याकडे अर्जाच्या वेळी तुम्ही कोणत्या संघाचे कप्तान होता हे विचारून कुणी गुण देत नाही.

मग खेळ कशाला?

असे असेल तर खेळायचेच कशाला, असे कुणी म्हणेल. याचे उत्तर एस.एस.बी.च्या पाच दिवसांत मिळते.

तेथे उमेदवाराला तीन जण तीन बाजूंनी पाहतात. मानसशास्त्रज्ञ त्याने लिहिलेल्या उत्तरांवरून त्याचे विचार पाहतो, मुलाखत घेणारा अधिकारी त्याचे बोलणे पाहतो आणि गटचाचणी घेणारा अधिकारी मैदानावर त्याची कृती पाहतो. मनसा, वाचा, कर्मणा माणूस एकच आहे ना, हे तिघे मिळून ठरवतात.

मैदानावरच्या चाचण्या कशा असतात पाहा. आठ-दहा मुलांच्या गटाला फळी, दोर आणि एखादे ओझे दिले जाते. ठरावीक रंगाच्या भागाला स्पर्श न करता सर्वांनी अडथळ्यापलीकडे जायचे. पुढारी कुणालाही नेमलेले नसते. कुणी नुसता ओरडतो, कुणी गप्प उभा राहतो. एखादा मात्र फळी धरून ठेवतो, मागे राहिलेल्याला हात देतो, दुसऱ्याची युक्ती चांगली असेल तर ती उचलतो. हे वागणे आठ दिवसांच्या क्लासात येत नाही. खो-खोत पाटीवर बसून आपल्या पाळीची वाट पाहिलेल्या, कबड्डीत गडी बाद झाल्यावर चौघांनी मिळून साखळी सांभाळलेल्या, फुटबॉलमध्ये दोन गोल खाऊनही शेवटच्या मिनिटापर्यंत धावलेल्या मुलात ते मुरलेले असते.

त्याशिवाय एकट्याने पार करायचे दहा अडथळे असतात आणि त्यासाठी वेळ तीन मिनिटे. उडी मारणे, चढणे, दोराला लोंबकळणे. येथे चपळाई हवी आणि पडण्याची भीती नको.

मुलाखतीपूर्वी उमेदवार स्वतःच्या माहितीचा एक तक्ता भरतो. त्यात कोणते खेळ, किती वर्षे, कोणत्या पातळीवर, हे लिहायचे असते. अधिकारी त्यावरूनच विचारतो. कबड्डी लिहिली असेल तर चढाई किती सेकंदांची, तू कोणत्या जागी खेळतोस, संघ हरला तेव्हा काय चुकले, कप्तानाशी मतभेद झाला तर काय केलेस. खरोखर खेळलेल्या मुलाला यातला एकही प्रश्न अवघड नाही. तक्ता भरण्यापुरते नेमबाजीचे नाव लिहिणारा मात्र दोन प्रश्नांत उघडा पडतो.

निवड करताना काय पाहावे?

आमच्या मते चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, तो खेळ मुलाला मनापासून आवडतो का? न आवडणारा खेळ वर्षभरात सुटतो.

दुसरी, तो रोज खेळता येईल का? कोरगाव किंवा कासारवर्णेच्या मुलाला सरावासाठी म्हापशाला जाऊन शेवटच्या कदंब बसने परतावे लागत असेल, तर तो सराव किती दिवस चालेल? गावच्या लाल मातीच्या मैदानावर रोज तासभर खेळलेला व्हॉलीबॉल आठवड्यातून एकदा खेळलेल्या टेनिसपेक्षा केव्हाही उपयोगी.

तिसरी, त्यात संघ आहे का? एक सांघिक खेळ अवश्य असावा. कबड्डी, खो-खो, फुटबॉल, व्हॉलीबॉल, हॉकी, बास्केटबॉल यांपैकी कोणताही चालेल. त्याच्या जोडीला दम आणि ताकद वाढवणारा एक वैयक्तिक प्रकार ठेवावा : लांब पल्ल्याचे धावणे, पोहणे किंवा मल्लखांब.

चौथी, तो खेळ तीन-चार वर्षे टिकेल का? दरवर्षी खेळ बदलणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

आपल्या मातीतले खेळ कमी प्रतीचे, हा समज पालकांनी काढून टाकावा. कबड्डी १९९० पासून आशियाई क्रीडास्पर्धांत आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी जिंकला. फुटबॉलविषयी गोमंतकीयांना वेगळे सांगायला नको. शालेय फुटबॉलचा सुब्रतो चषक १९६० पासून खेळला जातो आणि त्याला हवाई दलाचे प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांचे नाव आहे. क्रिकेट आवडत असेल तर जरूर खेळावे, मात्र त्यात उभे राहण्याचा वेळ बराच जातो, म्हणून जोडीला धावणे हवेच. बुद्धिबळ आणि कॅरम छंद म्हणून उत्तम, पण मैदानाची जागा ते घेऊ शकत नाहीत.

पोहणे आणि घोडेस्वारी प्रबोधिनीत शिकवतात. घोड्यावर कधी बसलेले नसणे हा दोष नाही. पोहणे आधी शिकता आले तर चांगले, परंतु जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच शिकावे. डिचोली तालुक्यातील खाणींच्या पाण्याने भरलेल्या खंदकांत आणि पावसाळ्यात नदीत किंवा समुद्रात कुणीही उतरू नये, हे विद्यार्थ्यांना आम्ही पुन्हा बजावून सांगतो.

शरीराची तयारी

निवड झालेल्या उमेदवाराने कोणत्या तयारीने यावे हे आयोगाच्या परीक्षेच्या माहितीपत्रकातच सांगितलेले असते : २.४ किलोमीटर अंतर १५ मिनिटांत धावणे, दोरीच्या उड्या, किमान २० जोर आणि २० उठाबशा (पाठीवर झोपून उठण्याच्या), किमान ८ वेळा दांडीला लटकून हनुवटी वर नेणे आणि ३ ते ४ मीटर दोरावर चढणे. यात महागडे साधन एकही नाही. नववीच्या मुलाने आजपासून सुरुवात केली तर बारावीपर्यंत हे सहज जमेल. धावणे पहाटे करावे, उन्हाळ्यात तर सूर्य वर येण्याआधीच. पावसात मैदान चिखलाने भरले की ओसरीवर दोरीच्या उड्या, जोर आणि सूर्यनमस्कार चालू ठेवावेत.

दुखापत अंगावर काढू नये. गुडघा मुरगळला असताना तालुका पातळीचा सामना आहे म्हणून मुलाला उतरवणे हा शहाणपणा नव्हे. गुडघ्याच्या अस्थिबंधावर शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली तर वैद्यकीय तपासणीत अडचण येऊ शकते. एका सामन्यासाठी पुढची सारी वाट धोक्यात घालू नये. तसेच सपाट तळवे, चालताना गुडघ्याला गुडघा लागणे, रंग ओळखण्यातील दोष, दृष्टी आणि कान यांची तपासणी आठवी-नववीतच जवळच्या डॉक्टरांकडून करून घ्यावी. काही दोषांवर व्यायामाने किंवा उपचाराने इलाज होतो आणि त्यासाठी हाताशी वेळ असावा लागतो. जो दोष बरा होणारा नसेल, तो बारावीनंतर कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा.

अभ्यास आणि मैदान

आठवी-नववीत खेळ निवडून त्यात स्थिर व्हावे. दहावीत सामने कमी करावेत, पण रोजचा तास सोडू नये. अकरावी-बारावीत दिवसाचा मोठा भाग गणित, विज्ञान आणि इंग्रजीला द्यावा. हवाई दल आणि नौदलासाठी विज्ञान शाखेचे विषय लागतात, हे अकरावीचा प्रवेश घेतानाच ध्यानात ठेवावे. त्या दोन वर्षांत संध्याकाळचा एक तास मैदानासाठी पुरेसा आहे. तो तास अभ्यासातून चोरलेला नसतो. त्या तासामुळे झोप चांगली लागते आणि पुस्तकासमोर लक्षही टिकते.

निवड न झाल्यास हा वेळ वाया गेला असेही होत नाही. परीक्षेला बसणारे पुष्कळ आणि जागा थोड्या, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. पदवीनंतर अधिकारी होण्याचे दुसरे मार्गही आहेत. आणि सैन्यात गेला नाही तरी दम असलेला, शब्द पाळणारा आणि दहा जणांत मिसळून काम करणारा तरुण घराला आणि गावाला हवाच असतो.

विश्वस्तांना आमची एक विनंती आहे. मैदानाच्या कडेला दोन खांबांवर एक मजबूत आडवी दांडी आणि चढण्यासाठी पक्का बांधलेला एक जाड दोर, एवढी सोय झाली तर आयोगाने सांगितलेली सगळी तयारी शाळेतच करून घेता येईल. शाळा सुटल्यावर शिक्षकांच्या देखरेखीखाली मैदान तासभर खुले राहावे आणि संघात निवड न झालेल्या मुलामुलींनाही तेथे जागा मिळावी. शाळेच्या संघात बाराच जण घेता येतात, पण धावायला आणि दोर चढायला संघात असण्याची गरज नाही.

ज्या पालकांना पाल्याच्या खेळाविषयी काही विचारायचे असेल त्यांनी शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना अवश्य भेटावे. येताना मुलाला किंवा मुलीला सोबत आणावे आणि कोणता खेळ आवडतो हे त्यांनाच सांगू द्यावे.